सात नंबरची डबी

“सव्वीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला नाही,” स्टोअरकीपर खुर्चीत मागे रेलत म्हणाला. “काहीही विचारा मॅडम. वहीत सापडलं नाही तर मिशी उतरवतो.”

एचआरच्या मॅडमनी टेबलावर एक कागद ठेवला. “बरं झालं. मग सात नंबरची डबी कोणाची होती, तेवढं सांगा.”

“आत्ता सांगतो,” म्हणून तो आतल्या रॅककडे गेला.

कारखाना वजनकाट्यांचा. यंदा कंपनीने पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली होती. फुकट. घरी डबीत चिमूटभर शौचाचा नमुना घ्यायचा आणि डबी आणून द्यायची, बस. काही निघालंच तर पुढचा सगळा खर्च कंपनीचा, आणि तपासणीचा दिवस भरपगारी. तरी पहिला आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मॅडमनी गोड बोलून, कान धरून, मोठ्या साहेबांसकट बारा जण तयार केले. डब्या लॅबला जाईपर्यंत गार ठेवायच्या होत्या आणि कारखान्यात फ्रिज एकच, स्टोअरमधला, गोंद ठेवायचा. तिथेच घात झाला.

स्टोअरमध्ये आलेल्या वस्तूवर लेबल नाही, असं या माणसाच्या राज्यात कधी घडलं नव्हतं. झाडूला लेबल होतं. खिडकीला लेबल होतं. भिंतीवरची पाल तेवढी सुटली होती, ती थांबत नव्हती म्हणून. आता प्रत्येक डबीवर लॅबने बारकोड छापलेला होता. “या काळ्या रेघा काय माणसाला वाचता येतात?” असं म्हणत त्याने बरोब्बर त्या रेघांवर आपली लेबलं लावली, एक ते बारा. लावली तीही काट्याच्या तबकडीवर आकडे चिकटवतात त्या गोंदाने. हा गोंद वीस वर्षं सुटत नाही, अशी कंपनीचीच हमी आहे. लॅबमध्येही तो सुटला नाही. शेवटी लॅबने हात टेकले आणि लेबलावरचेच आकडे कळवले. बाकी सगळ्या डब्या ठीक. सात नंबरच्या डबीत रक्ताचा अंश.

रॅकमागे त्याने वही उघडली. सात नंबरसमोर, त्याच्याच वळणदार अक्षरात, त्याचंच नाव होतं.

त्याने वही मिटली, बिजागऱ्यांच्या खोक्याखाली सरकवली आणि बाहेर आला.

“वही सापडत नाहीये.”

“काय?”

“उंदरांनी नेली असेल.”

“एवढी जाड वही? उंदरांनी?”

“मोठे आहेत मॅडम. दोघं मिळून नेतात.”

मॅडमनी टेबलावरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. “अहो, रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. साधी मूळव्याधही असेल. पण डॉक्टर म्हणतात, एकदा दिसलं की कॅमेरा घालून आत बघायलाच हवं, परत डबी देऊन भागत नाही. कोणाचं ते कळलं नाही तर कसं व्हायचं?”

कसं व्हायचं ते मोठ्या साहेबांनी दुपारी ठरवलं. साहेब स्वतः त्या बारा जणांपैकी एक होते आणि सकाळपासून पोट दाबून बघत होते. बाराही जणांची कॅमेऱ्याने तपासणी. भरपगारी.

कॅन्टीनमध्ये हलकल्लोळ झाला.

“तुझ्या वहीपायी माझ्या आत कॅमेरा?” वेल्डर ओरडला. वेल्डर म्हणजे दाराला आडवा उभा राहिला तर दार लावायची गरज नाही, असा माणूस.

“मी काय करू? उंदीर...”

“त्या उंदरांच्या आत घाला म्हणावं कॅमेरा!”

दोन दिवस हेच चाललं. बारा जण एकमेकांचे चेहरे निरखत होते. कोणी जागेवरून उठला की बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत. स्टोअरकीपर सगळ्यात जास्त बोलत होता, सगळ्यात मोठ्याने हसत होता, आणि घरी गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडत होता. भिंतीवर घड्याळं होती. वर्षात एकही रजा न घेणाऱ्याला कंपनी घड्याळ द्यायची. त्याच्याकडे सव्वीस झाली होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. चुलत्याला याच कॅन्सरने अंथरुणावर पडलेलं त्याने पाहिलं होतं. तोही म्हणायचा, मला काय धाड भरलीय.

“बरं नाही का?” बायको विचारायची.

“मला काय धाड भरलीय,” तो म्हणायचा, आणि स्वतःचंच ऐकून दचकायचा.

तिसऱ्या दिवशी वेल्डर स्टोअरमध्ये आला. हातोडी, पक्कड, काळा चष्मा, सगळं टेबलावर ठेवलं. दोन दिवसांत त्याचे गाल उतरले होते.

“हे जमा करून घे.”

“का रे?”

“सात नंबर माझाच आहे. मला माहितीय. परवापासून घास उतरत नाही. उगाच माझ्या नावावर हातोडी बाकी राहायला नको.” आवाज घोगरा झाला. “पोरीला म्हटलं, शिक, रडू नकोस. ती म्हणाली, बाबा, झालं काय? काय सांगणार?”

स्टोअरकीपरला खरं सांगून टाकायचं होतं. पण हातांना सव्वीस वर्षांची सवय. हत्यार जमा होतंय म्हणजे नोंद हवी. हात आपोआप खाली गेला, बिजागऱ्यांचं खोकं उचललं, वही काढली, पान उघडलं आणि लिहायला लागला: हातोडी, एक नग.

“वही तर इथेच आहे की,” वेल्डर म्हणाला.

पेन थांबलं.

वेल्डरने वही स्वतःकडे ओढली. पानं उलटली. सातव्या ओळीवर त्याचं जाडजूड बोट आलं. त्याने वर पाहिलं.

“तू?”

“मी.”

वेल्डर मटकन खोक्यावर बसला. आधी त्याचा चेहरा फुलला. मग आपला चेहरा फुललाय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो शरमला. मग त्याने स्टोअरकीपरचं मनगट धरलं.

“ऊठ.”

“कुठे?”

“मॅडमकडे. चालत येतोस की उचलू?”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावायला तोंड उघडलं, पण समोरचा माणूस वही छातीशी धरून उभा होता.

“सव्वीस वर्षं रजा नाही मॅडम,” तो म्हणाला. “ते घड्याळ...”

“तपासणीचा दिवस हजेरीतच धरतोय, कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं. आणि घड्याळं यंदापासून बंद. त्या घड्याळांपायी लोक ताप अंगावर काढतात.”

त्याने वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाला, “भीती वाटते हो.”

“भीतीसाठी अजून वेगळी सवलत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण सोबतीसाठी आहे. बायकोला घेऊन जा, गाडी कंपनीची. आणि मिशीचं काय ते परत आल्यावर बघू.”

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध ठरल्या वेळी ग्लासाग्लासाने प्यायचं होतं. त्याने ग्लासांना लेबलं लावली. पण सहा वाजता म्हणजे कुठल्या घड्याळात सहा, यावर नवराबायकोत जुंपली. स्वयंपाकघरात सहा वाजले होते, बैठकीत पावणेसात, पलंगाच्या वर साडेपाच.

“सव्वीस बक्षिसं आणलीत,” बायको म्हणाली, “आणि वेळ विचारायला शेजारी जायचं!”

तोवर औषधाने आपलं काम सुरू केलं आणि वाद बाथरूमच्या दारातून चालू राहिला.

तपासणीनंतर गुंगीतच त्याने डोळे किलकिले केले. डॉक्टर वाकून सांगत होते, “आतड्यात मांसाचे दोन छोटे कोंब होते, काढून टाकलेत. तपासायला पाठवतो.”

“पावती द्या,” तो म्हणाला.

“कसली?”

“दोन नग बाहेर गेले ना.”

आठ दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नव्हता. कोंब तसेच राहू दिले असते तर काही वर्षांनी झालाही असता, डॉक्टर म्हणाले. आता मात्र निर्धास्त राहा, तीन वर्षांनी परत दाखवा. बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून पदराने डोळे पुसत होती आणि त्याच दमात त्याला झापत होती. “उंदीर म्हणे! लाज नाही वाटली?” तो मान हलवत होता. अशी बोलणी खाणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा गोड लागत होतं.

कारखान्यात मोठ्या साहेबांनी त्याला मिठी मारली. बाकीचे अकरा जण कॅमेऱ्यातून वाचल्याचा आनंद त्यात जास्त होता, तरी मिठी ती मिठी. वेल्डरने हातोडी परत नेली आणि स्वतःच्या बायकोचं नाव तपासणीत घातलं. नव्या तीस डब्या आल्या. स्टोअरकीपरने लेबलं लावलीच, पण बारकोडच्या शेजारी, पट्टी ठेवून सरळ रेषेत. मिशी मॅडमनी माफ केली.

रविवारी त्याने बायकोच्या देखत पंचवीस घड्याळं भिंतीवरून उतरवली. एकच ठेवलं, सगळ्यात देखणं, पलंगासमोर. मग तो गाढ झोपला.

ते बंद होतं. सोमवारी तो सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उशिरा पोचला, एक तास दहा मिनिटं.