डावा-उजवा नसलेला फर्मा

मित्रांनो, मी बूट शिवायचा एक जुना लाकडी फर्मा आहे. माझ्यावर कातडं ताणून ठोकायचं आणि बूट तयार झाला की मला आतून उपसून काढायचं, हा माझा जन्मभराचा उद्योग. मला डावा-उजवा नाही. ही सुताराची चूक नव्हे. ज्यांच्यासाठी मला कोरलं, त्यांच्या पायांत असला फरक असतो हे मानायची पद्धतच नव्हती.

अमेरिकेत, बॉस्टनच्या उत्तरेला एका गावात ओबेड टार्बेल यांची बूट शिवायची खोली होती. तिथले जाड, टणक बूट पेट्यांत भरून दक्षिणेत जात, मळ्यांवरच्या गुलामांसाठी. ते पाय मला कधी दिसले नाहीत. पण प्रत्येक बुटातून निघताना वाटे, रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

खोलीत एक रीत होती. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी त्याच्या वाटणीचे बूट शिवायचे. एका हिवाळ्यात ओबेडच्या बायकोने, थँकफुलने, नवं पुस्तक आणून दिलं. जॉर्जियातून पळालेल्या प्रायमस गॅडली या गुलामाने ते लिहिलं होतं. वाचायची पाळी एसा नावाच्या कारागिराची होती.

"स्वतः लिहिलंय म्हणे!" एसा हसला. "मला सही करताना घाम फुटतो. हे कुणातरी पाद्र्याचं काम!"

"वाच मुकाट्यानं," ओबेड म्हणाला. "तुझे बूट मी शिवतोय."

पुस्तकात प्रायमसच्या बहिणीला विकलं, तिथे सगळे रडले. नाकं पुसली आणि पुन्हा टाचा ठोकू लागले. रडण्याने कामाचा खोळंबा होत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

मग एसा एका पानावर अडखळला. 'वर्षाला बुटांचा एक जोड मिळे, दोन्ही पायांना सारखाच. आई तो हातात धरून गोठलेल्या दंवातून अनवाणी चाले. दंव नुसतं जाळायचं, बूट चावायचे.'

हातोडे थांबले. कुणी कुणाकडे बघेना. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"दुसऱ्या गावचे असतील ते बूट," एसा म्हणाला.

"दुसऱ्या गावातही आत्ता हेच म्हणत असतील," थँकफुल दारातून म्हणाली.

वसंतात दक्षिणेची मागणी आली. नाही म्हटलं तर खोलीला टाळं लागणार. ओबेड हो म्हणेना, नाही म्हणेना. जेवताना मात्र पाय आखडून बसे.

त्याच आठवड्यात प्रायमस गावच्या प्रार्थनाघरात बोलायला आला. तासभर बोलला. शेवटी कुणीतरी विचारलंच, "गोष्ट छान आहे हो, पण खरी कशावरून?"

प्रायमसने बूट काढले. मी ओबेडच्या कोटाच्या खिशात होतो. त्याने मला का आणलं होतं, ते त्यालाही ठाऊक नसावं. तो उठला, पुढे गेला, गुडघ्यावर बसला आणि मला त्या पायाशी धरलं.

मला पहिल्यांदाच पाय लागला. अंगठा आत वळलेला, बोटं एकमेकांवर चढलेली. पायावरून मला कोरलं नव्हतं. माझ्यावरून पाय कोरला होता.

"माझ्या खोलीतला आहे हा," ओबेड म्हणाला. मागणी परत गेली. खोली बंद पडली. एसा शिव्या देत दुसऱ्या गावी कामाला गेला. पुस्तक मात्र बरोबर घेऊन गेला.

प्रायमसने मला मागून घेतलं. गावोगाव तो बोले, कुणीतरी पुरावा मागे, मग तो मला वर धरी आणि सभा गप्प होई. माझं फार कौतुक झालं, मित्रांनो. माणूस तासभर घसा फोडून सांगत होता. लोकांना पटलं ते लाकूड.

आता गुलामगिरी उठली. मी काचेच्या कपाटात असतो. वाळवी लागू नये म्हणून मला तेल लावतात. तरीही ते न पाहिलेले पाय येतात, अनवाणी, आणि माझ्याभोवती उभे राहतात. तेल नाही लावलंत तरी चालेल. पण कुणी आपलं दुःख स्वतःच्या तोंडाने सांगत असेल, तर त्याच्याकडे लाकूड मागू नका.