खिशाची कार्डं

पूर्ण झालेली कार्डं सत्तावन्न होती. सहांना अजून खिसा लावलेला नव्हता, आणि एकावर हत्ती अर्धाच होता: सोंड आणि पुढचे दोन पाय. सदाशिवांनी ती पलंगावर दहा-दहाच्या ओळींत मांडली, पुन्हा एकदा मोजली आणि म्हणाले, "चौसष्ट."

"अप्पा, गोळा करू का आता? बसायला जागा ठेवली नाहीत," त्यांची मुलगी वत्सला म्हणाली.

"थांब की जरा."

त्यांची बायको लीला जाऊन दीड महिना झाला होता. धारवाडला मळमड्डीतल्या त्या दोन खोल्यांतून दर संक्रांतीला सत्तावन्न लखोटे बाहेर पडत. मिरज, निपाणी, कोल्हापूर, हुबळी, एक तर थेट नागपूर. लीला कार्डावर कसुती भरतकामाचे नमुने शाईनं काढी. टाक्याएवढी एकेक सरळ रेघ, आणि रेघांना रेघा लागून गोपूर, रथ, तुळशीवृंदावन. आत बटरपेपरचा बोटभर खिसा शिवलेला, त्यात चिमूटभर काटेरी हलवा. मजकूर ती सर्वांत शेवटी, टपालात टाकायच्या आदल्या दिवशी लिही. म्हणून ही कार्डं आतून कोरीच होती.

दारात बसून मथुराक्का कोथिंबीर निवडत होत्या. त्या लीलाची थोरली बहीण; बाराव्यापासून इथंच होत्या.

"सदाशिवराव, वर्षाच्या आत या घरातनं तिळगूळ जायचा नाही. सण नाही तुम्हाला."

"माहीत आहे, अक्का."

"माहीत आहे म्हणता आणि दुकान मांडून बसता."

"अप्पा, शाळेला नेऊ का?" वत्सला म्हणाली. ती हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिकवत होती. "बक्षिसाबरोबर एकेक देते. मुलं जपून ठेवतील."

"मुलं कुठली जपतात गे? विमानं करतील," मथुराक्का म्हणाल्या. "मला चार द्या. सुनेला टाके तरी शिकवीन."

त्या दिवशी हुबळीहून अप्पाजीही आला होता, लीलाचा धाकटा भाऊ. बाजारात त्याचं साड्यांचं दुकान होतं. त्यानं एक कार्ड उचलून उजेडाकडे धरलं. "यप्पा! काय हात होता लीलाक्काचा! दाजी, मला द्या की. इरकलीच्या घडीवर लावतो. चारचौघांत दिसंल तरी."

चारचौघांत दिसेल, हे सदाशिवांना पटलं. खिसा नसलेली सहा त्यांनी त्याला दिली.

पुढच्या आठवड्यात बँकेच्या कामाला हुबळीला गेले, तेव्हा ते दुकानावर थांबले. दर्शनी काचेत हिरवी इरकल होती. तिच्या पदरावर गोपुराचं कार्ड टाचलेलं होतं, टाचणी नेमकी कळसातून आरपार. खाली तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नवीन माल'.

"बघितलासा?" अप्पाजी गल्ल्यावरून उठून आला. "दोन साड्या गेल्या की! बायका कार्डासकट मागतात."

"आणि कार्ड?"

"दिलं की बांधून त्यासंगं."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? गिऱ्हाइकाला. नवलगुंदाची होती कोण तरी." अप्पाजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "तुम्हीच हो म्हणालासा, दाजी."

"मीच म्हणालो. तुझं काही चुकलं नाही. ती टाचणी तेवढी काढतोस का?"

अप्पाजीनं टाचणी काढली. न सांगता उरलेली तीन कार्डंही आणून दिली आणि चहा मागवला. दोघांनी तो उभ्यानंच प्यायला.

घरी आल्यावर सदाशिवांनी कार्डं पुन्हा पलंगावर ठेवली. वत्सला रविवारी आली, तेव्हा ती तशीच होती.

"अजून इथंच? झोपता कुठं तुम्ही?"

"खाली. हे बघ, बाई. शाळा नको, साडी नको, अक्कांची सूनही नको. ज्यांच्यासाठी तिनं केली त्यांच्याकडेच ती गेली पाहिजेत. खिशाची सत्तावन्न. बाकी काही मला सुचत नाही आणि चालायचंही नाही."

"पण मावशी म्हणते ते..."

"तिळगूळ जाणार नाही. मोकळा खिसाही जाणार नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

त्याच दुपारी वत्सलानं स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला काढलं. वरच्या फळीवर, मेतकुटाच्या बरणीमागे राखेनं भरलेली एक बाटली होती. ती ओतून देणार, तोच सदाशिव म्हणाले, "थांब. दोडका आहे तो."

परसातल्या भिंतीवर लीला दरसाल दोडका चढवी. तिच्या माहेरचं वाण, आखूड आणि गोड. पाहुणे आले की दोडक्याची भाजी आणि शिरांची चटणी ठरलेली, आणि निघताना त्यांचं बी मागणंही ठरलेलं. "पुढच्या वर्षी देते," लीला म्हणे. मागचं वर्षभर तिला उठवत नव्हतं, वेल लावलाच नव्हता. म्हणजे बी दोन वर्षांचं.

सदाशिवांनी राख चाळली. काळ्या, चपट्या, तीनशे नव्वद बिया निघाल्या. एक बी त्यांनी कार्डाच्या खिशात सरकवली. ती नीट बसली.

"अक्का," त्यांनी हाक मारली, "बी चालतं का?"

मथुराक्कांनी कार्ड हातात घेतलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बियाला कसलं सुतक, सदाशिवराव?"

पण सदाशिवांनी जन्मभर सरकारी खात्यात बी-तपासणी केली होती. त्यांनी टीपकागद भिजवला आणि दहा-दहाच्या ओळींत शंभर बिया मांडल्या.

"शंभर?" वत्सला ओरडली. "अप्पा, शंभर वाया घालवणार? उगवल्या तर उगवल्या म्हणून द्या की."

"तपासल्याशिवाय बी बाहेर जात नाही."

"दहा लावून बघा मग."

"दहावरनं काय कळतंय? तिच्या नावानं जाणार आहे. कुणी आळं करील, पाणी घालील, वाट बघील. आणि आलंच नाही तर?"

जानेवारीतला धारवाडचा गारठा. टीपकागदाची गुंडाळी त्यांनी न्हाणीघरात बंबाच्या उबेला ठेवली. पहिल्या आठवड्यात चार बियांना मोड आले. मथुराक्का रोज आंघोळीआधी डोकावत. दोन आठवडे पुरे झाल्यावर सदाशिवांनी शेवटची मोजणी केली. वत्सला दाराशी उभी होती.

"किती?"

"एक्केचाळीस."

"म्हणजे?"

"साठाच्या खालचं बी मी नापास करत होतो. पोतीच्या पोती परत पाठवली आहेत."

वत्सला खाली बसली. "मग राहू दे, अप्पा. ठेवू या कपाटात. मी नेते माझ्याकडे."

सदाशिवांनी मोड पुन्हा एकदा मोजले. मग त्यांनी चष्मा पुसला. "शंभरात एक्केचाळीस. म्हणजे पाचांत दोन. एकेका कार्डात दोन घालणार होतो, पाच घालू."

"पुरतील?"

"पुरतात. पाच उरतात."

संक्रांत होऊन गेली होती. रथसप्तमीही गेली. लखोट्यांवर पत्ते वत्सलानं लिहिले. कार्डाच्या आत, लीला जिथं लिही तिथं, सदाशिवांनी आपल्या बारीक, ताठ अक्षरात सत्तावन्न वेळा लिहिलं: 'लीलाचा दोडका. बी दोन वर्षांचं. उगवण शंभरात एक्केचाळीस, म्हणून पाच ठेवल्या आहेत. जूनमध्ये लावावं.'

"वर काही तरी गोड शब्द लिहा की," मथुराक्का म्हणाल्या.

"ते तिचं काम होतं," सदाशिव म्हणाले आणि पुढचं कार्ड ओढलं.

जुलै संपता संपता मिरजेहून पोस्टकार्ड आलं. लीलाचे मामा, गोविंदमामा, ऐंशीच्या पुढचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षर नातीचं होतं, सांगणं त्यांचं. सदाशिवांनी ते दारातच उभं राहून वाचलं.

'चि. सदाशिवास आशीर्वाद. लीलाचं कार्ड पोचलं. नातीनं मजकूर वाचायच्या आधीच मी खिसा चाचपला आणि नेहमीचा हलवा समजून एक बी तोंडात टाकली. ती गेली. चार लावल्या. दोन उगवल्या.'