कापसाचे पारवे

आजारपणानंतर अब्बांनी एकच गोष्ट मागितली, तीही न बोलता. दिवाळी होऊन गेली होती. त्यांनी माळ्यावरची जुनी गोणी खाली काढायला लावली आणि तिच्यातले पारवे एकेक करून लेकीच्या, तहरीमच्या मांडीवर ठेवले.

पारवे कापडाचे होते. अब्बा म्हणजे इलाही पिंजारी, कुंडल गावभर गाद्या-रजया भरणारा माणूस. गादीच्या खोळीचं उरलेलं कापड, आत पिंजून राहिलेला कचरा कापूस, वरून राखाडी रंग आणि पंखावर दोन काळे पट्टे. हे पारवे पेरलेल्या रानात मांडले की खरे पारवे त्यांच्यात उतरायचे आणि अब्बा बंदूक उचलायचे. एकोणीसशे नव्वद साल होतं, परवाना अजून चालू होता. पेरणीच्या दिवसांत दाण्यांवर पारव्यांची धाड पडली की शेतकरी घरी बोलवायला येत.

उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तहरीम सांगलीच्या शाळेतून रजा टाकून आली. हातपाय हळूहळू वळणावर आले. वाचा आली नाही. सांगलीचे डॉक्टर म्हणाले होते, "ठरवून बोलणं अवघड जाईल. पण जन्मभर तोंडात बसलेलं कधीकधी आपसूक बाहेर येतं. आकडे, प्रार्थना, एखादी शिवीसुद्धा."

त्या 'कधीकधी'ला ती धरून बसली होती. नमाजाला अब्बांचे ओठ हलत, आवाज निघत नसे. शिवी तर त्यांनी कधी दिलीच नव्हती. राहता राहिली बंदूक. ती खांद्याला लागली की अब्बा खणखणीत आवाजात 'बिस्मिल्लाह' म्हणत आणि मगच चाप ओढत. अल्लाचं नाव न घेता पाडलेलं पाखरू त्यांच्या चुलीवर कधी चढलं नाही. बंदूक वर गेली की शब्द आपोआप येई. तो परत एकदा तसाच येईल, एवढंच तिला हवं होतं.

मशिदीतल्या पेशइमामांनी सांगितलं होतं की मुक्या माणसाला सूट असते, मनात नाव घेतलं तरी चालतं. अब्बांनी जोरात मान हलवून नकार दिला होता. सूट घ्यायची तर आधी आपण मुके झालो हे मान्य करावं लागलं असतं.

गावातल्या ज्योतिबाकाकांनी आपल्या रानात नुकताच हरभरा पेरला होता. उन्हं वर येऊन दव सुकेपर्यंत तहरीम अब्बांसोबत त्यांच्या बांधावर थांबली, कारण कापूस भिजला की पाखरू मान टाकतं. मग तिने मांडामांड सुरू केली. बाभळीची खुंटी, खुंटीच्या डोक्यावरच्या भोकात मोडक्या छत्रीची तार आणि तारेवर पारवा. काळ्या रानाला बारीक भेगा होत्या. भेगेत खुंटी गेली तर ती हमखास सैल पडते, म्हणून ती घट्ट जागा बघून दगडाने ठोकत होती. भोवती तांब्यातलं पाणी शिंपडून माती टाचेने दाबत होती.

"काय हे तुमचं घराणं!" ज्योतिबाकाका म्हणाले. "सारं गाव पाखरं हाकलाय बुजगावणं लावतंय, अन् तुमी बोलवाय लावताय!"

"काका, हाकलली तरी ती परत येतात."

"मग ह्यास्नी काय जेवाय वाढणार हायसा व्हय?"

अब्बा वाकड्या ओठांनी हसले. बसल्या जागेवरून ते काठीने दाखवत होते. ते फिरव. चोच वाऱ्याकडे. मधे उतरायला जागा सोड. मग स्वतः उठले आणि प्रत्येक पाखराला बोटाने ढकलून बघत फिरले. ती लहान असताना ते सांगत, वाऱ्याने पाखरू हललं पाहिजे, पडता कामा नये. एक जरी आडवं झालं तरी थवा खाली येत नाही.

"इलाहीभाई, आवं गाव उठंल, पर ही खुंटी न्हाई उठायची," ज्योतिबाकाका म्हणाले. "लेक लय जोराची हाय तुमची."

अब्बांनी ठासणीच्या बंदुकीच्या नळीत दारू आणि छर्रे ठासून भरले. तिघेही बोरीच्या झुडपामागे बसले.

पलीकडच्या पडक्या विहिरीतून पारवे उठले. एक फेरी मारली, दुसरी मारली, वाऱ्याला सामोरे झाले आणि अगदी मोकळ्या जागेत, कापसाच्या पारव्यांमधे उतरले.

बंदूक वर गेली. तहरीम पाखरांकडे बघत नव्हती, अब्बांच्या तोंडाकडे बघत होती. ओठ मिटले. पहिल्या अक्षराला मिटावे लागतात तसेच मिटले. गळ्याची शीर फुगली. ओठ उघडले आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा मिटले. पारवे दाणे टिपत होते.

"मारा की," ज्योतिबाकाका कुजबुजले.

तहरीमला राहवेना. तिने अगदी हळू म्हटलं, "बिस्मिल्लाह."

अब्बांनी वळून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी ती स्वतःच्या ताटातला घास त्यांना भरवायला यायची, तेव्हा ते असेच बघायचे. मग त्यांनी मान हलवली. चाप ज्याचा, नाव त्यानेच घ्यायचं.

बंदूक खाली आली. पण भरलेली ठासणीची बंदूक तशीच घरी नेता येत नाही. अब्बांनी नळी बाजूच्या रिकाम्या खड्ड्याकडे वळवली आणि बार काढला. मातीला नाव लागत नाही.

थवा एकदम उठला आणि विहिरीत गेला. धूर विरला. कापसाचे पारवे मात्र जागेवर डुलत होते, चोची वाऱ्याकडे. एकही पडला नव्हता.

"व्हतंय असं. उद्या बघू," ज्योतिबाकाका म्हणाले आणि उगाच धोतर झटकत राहिले.

तहरीम खुंट्या उपटायला गेली. पाणी मुरून माती आवळली होती, एकेक खुंटी दोन्ही हातांनी हलवून काढावी लागत होती. तिला घाई नव्हती. पाठमोरं राहण्याजोगं काम होतं. शेवटी पाखरं ओच्यात घेऊन ती वळली, तर अब्बा जवळ येऊन उभे होते, दोन्ही हातांनी गोणीचं तोंड उघडं धरून.