नकाराचा चहा

कर्जतच्या त्या पतसंस्थेत कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नव्हती. चहा पाजायचे! चेअरमन काकासाहेब शिपायाला खूण करत आणि कप समोर आला की म्हणत, "बघू आपण." चहा आला म्हणजे कर्ज गेलं, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक. पिणाऱ्याची आशा तेवढी सुटत नसे. वेल्डिंगवाला भीमराज असे सात चहा प्यायला होता, दर खेपेला दुकान बंद ठेवून. अहो, त्या सात दिवसांचा बुडालेला धंदा कुणी भरून द्यायचा?

नव्याने आलेल्या कर्ज अधिकारी रश्मीला याची भयंकर चीड होती. तिचं वर्ष भरत आलेलं. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते काकासाहेबांच्या सहीवर होतं. तरी आठव्या खेपेला तिने भीमराजला समोर बसवून सांगून टाकलं. कर्ज तीन वर्षांचं आणि दुकानाचा भाडेकरार उरलाय चार महिने, म्हणून आज देता येत नाही. कामाला नाव ठेवायला जागा नाही; नवा करार आणा, पुन्हा अर्ज घेते. हेच तिने कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहूनही दिलं.

भीमराजचा चेहरा उतरला. पण कागदाची घडी खिशात ठेवत तो म्हणाला, "न्हाई म्हनलात ते बरं केलंत म्याडम. आता काय करायचं ते तरी कळलं."

पंधरा दिवसांनी काकासाहेबांचा पुतण्या कल्याण आला. त्यालाही तीन वर्षांचं कर्ज हवं होतं, स्पेअर पार्टच्या दुकानासाठी, आणि भाडेकरार उरलेला पाच महिने. वर काकांचा फोनही येऊन गेलेला. पण भीमराजला एक न्याय आणि याला दुसरा, हे रश्मीकडून होणार नव्हतं. तिने तोच मजकूर, नाव आणि महिने तेवढे बदलून, तितक्याच गोडीने त्याच्या हातात दिला.

तासाभरात केबिनमधून बोलावणं आलं. काकासाहेब रागावले नव्हते, चांगले हसत होते. टेबलावर तिच्या नोकरीची फाईल होती. त्यांनी शिपायाला खूण केली आणि वाफाळता कप तिच्यासमोर आला.

"बघू आपण तुमचं," ते म्हणाले.

रश्मीने कप अलगद त्यांच्याकडे सरकवला.

"चहा नको, साहेब. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या, सहीशिक्क्यानिशी. मी भीमराजला दिलं, कल्याणला दिलं. आता मला द्या."

शिपाई दारातच थांबला. काकासाहेबांनी पेन उचललं, कागद पुढे ओढला. पण लिहिता येईल असं कारण काही त्यांना सापडेना. रश्मी खुर्चीत तशीच बसून राहिली.