पाचपैकी पाच

भोंगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी त्याच्याजवळ तीनच शब्द होते: "बा", "गे" आणि "ट्ट". "बा" म्हणजे पाणी, "गे" म्हणजे जगातलं कुठलंही माणूस आणि "ट्ट" म्हणजे नको. जन्मला तेव्हा असा काही टाहो फोडला होता की आत्याने तिथल्या तिथे नाव ठेवलं भोंगा, आणि ते चिकटलं. आता चारचौघांत त्या नावाने हाक मारताना त्याच्या आईला ओशाळल्यासारखं व्हायचं.

आई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. शहरभरच्या नळांचं पाणी तिच्या टेबलावर बाटल्यांतून यायचं. प्रत्येक बाटलीवर पाणी कुठून घेतलं, कधी घेतलं, कुणी घेतलं हे लिहिलेलं लागायचं. लेबल नसलेली बाटली ती न तपासता सरळ बेसिनमध्ये ओतायची.

"अहो मॅडम, मी स्वतः भरलीय, माझ्या हाताने!" आणणारा गयावया करायचा.

"असेल. पण बाटली तसं म्हणत नाही ना."

असा तिचा दरारा होता. पाळणाघरातल्या पालकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्येही तिला "पाणीवाल्या मॅडम" म्हणत आणि जरा बिचकून असत. ग्रुपचं नाव होतं "पालक (फक्त कामाचं)". त्यात दिवसाला साठ-सत्तर सल्ले यायचे. सर्दीला मोजे घाला. सर्दीला मोजे काढा. दात येताना ताप येतो. दात येताना ताप येतच नाही, तो वेगळा असतो. मुलाला भरवताना गोष्ट सांगा, गोष्ट सांगितली तर ते लक्ष न देता खातं म्हणून सांगू नका. एका सल्ल्याला दुसरा छेद देत असला तरी दोन्हींना अंगठे तेवढेच मिळत.

एका दुपारी जुळ्यांच्या आईने विचारलं, "आमचे दोघं दोन वर्षांचे झाले, अजून नीट बोलत नाहीत. कुणाला काही अनुभव?"

प्रश्न तिचा होता, पण धस्स झालं ते पाणीवालीला. कारण गेला महिनाभर ती हाच प्रश्न मनात घोळवत होती आणि विचारायची तिची हिंमत होत नव्हती. तिने मध्यंतरी सासूबाईंना फोनवर सहज म्हणून विचारलं होतं, की भावजी कधी बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अडीच वर्षांचा झाल्यावर." एवढंच. त्यावर तिने ग्रुपमध्ये लिहिलं: "अजिबात काळजी करू नका. माझ्या दिरांनी तीन वर्षांपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. एक दिवस जिना उतरताना एकदम म्हणाले, 'छत्री राहिली!' आज ते वकील आहेत."

अडीचाचे तीन तिने धीर द्यायला केले. दीर वकील नव्हते, एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते; पण कारकून म्हटल्यावर कुणाला धीर येतो? छत्री तर तिने तिथल्या तिथे रचली. गोष्टीला जिवंतपणा हवा म्हणून. अठ्ठावीस अंगठे आले. जुळ्यांच्या आईने लिहिलं, "जीव भांड्यात पडला!" आणि गंमत अशी की पाणीवालीचाही पडला.

नवरा मात्र सल्ल्यांवर चालणारा नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच आठवड्यात जेवताना तो म्हणाला, "मी याला मागून हाक मारतो, तर हा वळत नाही. समोरून मारली की लगेच बघतो."

"खेळात दंग असतो तो."

"रिकामा बसलेला असतानाही नाही वळत. लिफ्ट मजल्यावर थांबत नसेल तर आम्ही मोटर खोलत नाही आधी. बटण दाबलेलं तिच्यापर्यंत पोचतंय का, ते बघतो."

"माझा मुलगा लिफ्ट नाहीये."

"म्हणून तर जास्त काळजी," असं म्हणून त्याने कान तपासणाऱ्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची वेळ घेतली.

त्या गुरुवारच्या आत मात्र भराभर पुरावे गोळा झाले. औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, "उशिरा बोलतात ती मुलं हुशार निघतात हो. एक तर साडेतीन वर्षांपर्यंत मुका होता, आज न्यायाधीश आहे." प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने सांगितलं की त्याच्या बहिणीच्या माहितीत एक आहे, तीन वर्षांनी बोलला, आता मोठा सरकारी वकील. शेजारच्या निवृत्त बाईंच्या ऐकण्यातला एक तर चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता आणि आता म्हणे रेडिओवर बातम्या देतो.

पाणीवालीने एका कोऱ्या पानावर तक्ता आखला. वय, व्यवसाय, सांगणारा. दिरांसकट चार जण, आणि चारही ठणठणीत. चारपैकी चार! असा निकाल तिच्या प्रयोगशाळेतही सहसा लागत नसे. तिने गुरुवारची वेळ रद्द केली.

"का?" नवऱ्याने विचारलं.

तिने तक्ता पुढे केला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"सगळे कोर्टातच कसे गेले?"

"एक रेडिओवर आहे."

"हं," तो म्हणाला. शिकलेल्या बायकोशी वाद घालताना तो नेहमीच एक पायरी खाली उभा राहायचा, आणि तिलाही ते सोयीचं होतं.

असे सात आठवडे निघून गेले. भोंग्याच्या शब्दांत चौथ्याची भर पडली नाही. उलट "गे" म्हणायचं त्याने कमी केलं. माणसांना हाका मारण्याऐवजी तो त्यांची बाही ओढू लागला.

एका संध्याकाळी ती त्याला आणायला पाळणाघरात गेली. ताई त्याच्या पायात बूट चढवत होत्या. ताई म्हणजे त्या पाळणाघराच्या सर्वेसर्वा; वीस वर्षांत शेकडो मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती.

"तुम्ही याच्या बोलण्याची काळजी करत असाल, तर मुळीच करू नका," ताई म्हणाल्या. "मी एक केस सांगते. चार वर्षांपर्यंत हूं की चूं नाही. आणि एक दिवस जिन्यावरून उतरताना आईला म्हणतो कसा, 'छत्री राहिली!' आज हायकोर्टात न्यायाधीश."



जमिनीखालच्या नळातून पाणी कुठे झिरपतं ते शोधायचं असलं की तिच्या प्रयोगशाळेतले लोक टाकीत हिरवा रंग सोडत आणि मग गल्लीगल्लीतून बघत फिरत, की तो कुठल्या गटारात निघतो. आज तो रंग तिच्याच पायाशी निघाला होता.

"कुणाची केस ही, ताई?"

"अहो, आपल्यातलीच. सगळ्यांना माहितीय."

घरी जाताना ती औषधाच्या दुकानात थांबली. "काका, तुमच्या त्या न्यायाधीशांचा पहिला शब्द कोणता होता?"

"छत्री! का हो?" काका खुशीत म्हणाले. त्यांची मुलगी त्याच ग्रुपमध्ये होती. शेजारच्या बाईंची सूनही होती. सहकाऱ्याची बहीणही निघाली. एकट्या शेजारच्या बाईंकडे काय ते छत्रीचा रेनकोट झाला होता.

एकाच नळाचं पाणी पाच बाटल्यांत भरून कुणी आणलं असतं आणि पाच नळांचं म्हणून दिलं असतं, तर तिने त्याला लेखी समज दिली असती. इथे नळही तिचा, बाटल्याही तिच्याच आणि निकालावर सहीही तिचीच.

नाही म्हणायला एक नमुना अजून खरा उरला होता. मूळचा. रविवारी ती सासूबाईंकडे गेली. सासूबाई धाकट्या मुलाबरोबर राहायच्या आणि सत्तरीतही ब्लाउज शिवायच्या. त्या मशीनला तेल देत होत्या.

"आई, भावजी नक्की अडीच वर्षांचे असताना बोलायला लागले ना?"

"हो, सांगितलं की तुला."

"आपोआप?"

"आपोआप कसला! कान फुटले होते त्याचे, दोन्ही. तुझे सासरे त्याला दर पंधरा दिवसांनी कानाच्या डॉक्टरकडे न्यायचे. सहा महिने खेटे घातले. कान बरे झाले तसा सुरू झाला, तो अजून थांबला नाहीये."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. "मग हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

सासूबाईंनी तेलाची बुधली खाली ठेवली. "अगं, तू विचारलंस कधी बोलला. मी सांगितलं कधी बोलला. कसा बोलला, हे विचारलं होतंस का तू? तू घाईत होतीस. बरं बरं म्हणून फोन ठेवलास."

आतून दिरांचा आवाज आला. "वहिनी, मी न्यायाधीश झालोय म्हणे! आमच्या साहेबांनी काल हात जोडून अभिनंदन केलं. आता उद्यापासून त्यांनी मला चहा आणून द्यायचा की मी त्यांना, तेवढं तुमच्या ग्रुपवर विचारा."

तिला हसूही येईना. तिने तिथेच, शिवणाच्या चिंध्यांत बसून नवऱ्याला फोन केला. दवाखान्याची वेळ पुन्हा घे म्हणाली. तो "का" म्हणाला नाही. "उद्या दुपारची आहे," म्हणाला. रद्द झालेल्या गुरुवारपासून दर आठवड्याला तो दवाखान्यात फोन करून एक वेळ धरून ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी सोडायचा. हे तिला त्या दिवशी कळलं.

मग तिने ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. तीन वर्षं नाही अडीच, वकील नाही कारकून, छत्री मुळातच नव्हती, आणि कानांवर उपचार झाले म्हणून बोलणं आलं. मुलं बोलत नसतील तर आधी कान तपासून घ्या.

एका बाबांनी लिहिलं, "मॅडम, तुमच्या दिरांचं वेगळं असेल. पण ते न्यायाधीशांचं उदाहरण खरं आहे. माझ्या खास ओळखीतलं आहे." दुसऱ्या कुणी लिहिलं, "कृपया पालकांना घाबरवू नये. ग्रुप फक्त कामाचा आहे." त्याला एकतीस अंगठे आले.

जुळ्यांच्या आईने ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिचा वेगळा निरोप आला: "दवाखान्याचा नंबर द्या. दोघांसाठी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जाड दाराच्या एका लहानशा खोलीत, भोंगा आईच्या मांडीवर बसला. तपासणाऱ्या बाईंनी तिला बजावलं, "आवाज आला तरी तुम्ही वळायचं नाही, दचकायचं नाही. तुम्ही खुर्ची आहात असं समजा."

डावीकडून पाखराच्या चिवचिवाटाएवढा बारीक आवाज आला. तिला स्वच्छ ऐकू आला. भोंगा समोरच्या लाकडी बदकाकडे बघत राहिला. आवाज जरा वाढला. बदकच. आणखी वाढला. तिला वाटलं, त्याची मान आपल्याच हाताने वळवावी. पण ती खुर्ची होती. चौथ्या वेळी, जेव्हा आवाज तिच्या कपाळात घुमायला लागला, तेव्हा कुठे भोंग्याने वळून डावीकडे पाहिलं आणि "बा" म्हणून हसला.

डॉक्टरांनी कान पाहिले. "पडद्यामागे पाणी साचलंय, दोन्ही बाजूंना. पाण्यात बुडी मारल्यावर आपल्याला जसं ऐकू येतं ना, तसं येतंय त्याला. बहुतेकदा ओसरतं. तीन महिने लक्ष ठेवू, नाही गेलं तर छोटीशी नळी घालू. कधीपासून शंका होती तुम्हाला?"

"माझ्या कामामुळे जरा उशीर—" नवरा सुरू झाला.

"सात आठवडे," ती म्हणाली. "वेळ घेतली होती. मी रद्द केली. ह्यांचा काही संबंध नाही."

डॉक्टरांनी फक्त आकडा लिहिला. कारणासाठी त्या कागदावर जागाच नव्हती. "तोवर एक करा. त्याच्यासमोर बसून बोला. तोंड त्याला दिसलं पाहिजे. मागून नाही, दुसऱ्या खोलीतून नाही."

नवरा पुढच्या तपासणीची वेळ घ्यायला गेला, आणि ती तिथेच, दवाखान्याच्या बोळात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत उकिडवी बसली. भोंग्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "पा-णी." भोंग्याने तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्या कुतूहलाने ते हलताना पाहू लागला. "पा-णी."

बाकावरच्या एका आजींना राहवेना. "इतकं मागे लागू नये हो. काही मुलं उशिरा बोलतात, आपोआप बोलतात. मी बघितलंय."

"कुणाचा मुलगा?" तिने विचारलं. आवाज अगदी गोड होता.

"अं?"

"बोलला तो. कुणाचा होता? आणि त्याचे कान कुणी तपासले होते?"

आजींनी आठवून पाहिलं. "आता नक्की कुणाचा ते... असं ऐकलंय बाई."

ती पुढे काही म्हणणार होती, पण भोंग्याने दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं.