दोन सूर्यांचा कागद

अंगदनं नववीत शाळा सोडली ती सरांशी भांडूनच. तवापासून त्या गेटाच्या आत पाय ठेवला न्हाई. आज बहिणीचं, मीनाचं, मॉडेल मोटारसायकलवर वाटूरला, त्याच शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाला आणलं, तेबी गेटाबाहेरच उतरवलं अन् कडूनिंबाखाली बसला.

मॉडेल त्यानंच बनवलेलं. लोखंडी रिंगला नटबोल्टनं ताणलेला शेततळ्यात अंथरायचा काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर मधोमध खळगे पाडणारी दोन वजनं. वजनं म्हंजी दोन सूर्य, गोटी म्हंजी ग्रह. पहाटे अंगणात गोटी दोन्ही सूर्यांभोवती अशी झ्याक फिरली की मायनं चहा गार होऊ दिला.

दुपारी मीना तणतणत बाहेर आली.

"दादा, गोटी फिरंना! सरळ सूर्यावर जाऊन आदळून राह्यली."

"जवळून सोडली आसंल. दोघांची वढावढ चालू असती, जवळचा ग्रह टिकत न्हाई. लांबून सोड."

"लांबूनच सोडली! आन् मला काय शिकवतो? मीच तुला शिकवलंय हे."

"मंग बराबर शिकवलं न्हाईस."

"नसरीनचा ज्वालामुखी झाला की माझा नंबर. निवडून जिल्ह्याला, जालन्याला न्हाई गेले तर तुझ्याशी बोलणार न्हाई, सांगून ठेवते."

अंगद चिडून उठला. समोर हॉलचे पत्रे उन्हानं तापलेले. ते बघितलं अन् त्यानं कपाळावर हात मारला. शेततळ्याचा कागद उन्हात वाढतो, गारव्यात ताणला तर दुपारी झोळ पडतो. वर्षभर शेततळ्यांत कागद अंथरायचंच काम करून राह्यला होता, अन् आज पहाटेच्या गारव्यात ताणून मोकळा!

"पाना दे," तो म्हणाला.

"आत सर हायेत."

"असू दे. मी काय त्यांना कापायला चाललोय?"

तो गेटातून थेट हॉलात शिरला, सर बघतच राह्यले. अंगद खाली मान घालून बोल्ट आवळत गेला. कागद टणक वाजायला लागला, तवर परीक्षक बाई आल्याच.

"ग्रह बाहेरून भटकत आला तर असा अडकंल का?" त्यांनी विचारलं.

"एकटा सूर्य असला तर बहुतेक निसटून जातो, मॅडम," मीना म्हणाली. "दोन असले तर त्याचा थोडा वेग त्या जोडीकडं जाऊ शकतो. मंग राहतोबी."

"दाखवा."

मीनानं गोटी भावाच्या हातात दिली. अंगदनं कडेनं, तिरपी, हलकीच सोडली. गोटी लांबून वळली, दोन्ही सूर्यांना वळसा घालून परत कडेला आली अन् पुन्हा वळली. तिच्यासंगं बाईंची मानबी फिरायला लागली.

"बोल की," अंगद मीनाला म्हणाला, "फिरती हाये तवर बोल."

मीना मोठ्यानं दोन सूर्यांचं सांगायला लागली.