आखूड काडतुसं

रॉयसनं कागदाची सुरळी कामाच्या फळीवर अशी आपटली, की छर्र्यांचं ताट उलटता उलटता राहिलं. लिओटानं एका हातानं ताट सावरलं, दुसऱ्या हातातलं पातं खाली ठेवलं आणि पायानंच फळीखालचा पत्र्याचा डबा आणखी आत ढकलला.

"बंदुकीला काय केलंत, बाई?"

"दार ठोठावून आत यायचं असतं," ती म्हणाली.

"माझ्या बापाचं घर आहे हे."

"घर असेल. या शेडच्या खिळ्याखिळ्यावर माझा हातोडा पडलाय."

एकोणीस वर्षं तो तिला 'बाई' म्हणत आला होता. त्याची आई वारल्यावर दोन वर्षांनी ऑर्व्हल स्टिडमनं लिओटाशी लग्न केलं, तेव्हा रॉयस पंचवीस वर्षांचा बाप्या होता. मांडीवर घ्यायचं त्याचं वय नव्हतं आणि घ्यायची तिलाही हौस नव्हती. फेब्रुवारीत ऑर्व्हल गेला. त्याला माती देऊन आल्यावर लोक चर्चच्या तळघरात हॅम आणि बीन्स वाढून घेत होते, तेवढ्यात रॉयसनं इथं येऊन भिंतीवरची सोळा बोअरची दुनळी काढून गाडीत घातली. बंदूक त्याचीच होती, पणजोबापासून मुलाकडं मुलाकडं आलेली. पण एका शब्दानं विचारलं असतं तर त्याची जीभ झडली असती का?

"तीस पावलांवरून मारली," रॉयसनं सुरळी उलगडली. "तीन बार. बघा जरा डोळे उघडून."

कागदावर कोळशानं टर्कीचं डोकं आणि लांब मान काढली होती. भोवती छर्र्यांच्या भोकांचं मोठं कडं पडलं होतं आणि मधलं डोकं जवळजवळ कोरं होतं. मानेला एक भोक, चोचीच्या टोकाला एक. रानातल्या टर्कीच्या नराला अंगावर मारून भागत नाही, पिसांच्या थरात छर्रे जिरून जातात. डोकं आणि मान, एवढीच मूठभर जागा, आणि तिथं तीन बारांत मिळून दोन छर्रे. सोमवारी पहाटे शिकारीचा हंगाम उघडत होता, आणि आज शनिवार होता.

"बाबांच्या हातात ही बंदूक बशीएवढ्या जागेत छर्रे घालायची. अख्ख्या काउंटीला ठाऊक आहे. आणि माझ्याकडं आली की चाळण? बाबा सहा आठवडे इस्पितळात होते, तेव्हा ती तुमच्याच ताब्यात होती."

"तेलपाणी केलं मी तिला."

"आणि नळी घासलीत."

"घासायला नळी म्हणजे काय खरकटं भांडं आहे?" लिओटानं कागद स्वतःकडं ओढला. चोराच्या उलट्या बोंबा, ती मनात म्हणाली. "काडतूस कुठलं घातलंस?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक असावं, कारण त्यानं मान दुसरीकडं फिरवली. बारा बोअरचं काडतूस पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतं, वीसचं शोधलं तर मिळतं, सोळाचं मात्र कुणी ठेवत नाही. दोन गावं पालथी घालून त्याला एक खोकं मिळालं होतं. ते मिळूनही काम झालं नाही, म्हणून तर तो या उंबऱ्याशी आला होता.

"सव्वा औंस. चार नंबर. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात भारी."

"भारी!" लिओटा म्हणाली. "सोळाला सव्वा औंस म्हणजे खेचराच्या पाठीवर पियानो. आणि चार नंबरचा छर्रा जाड. जाड म्हणजे मोजायला कमी, डोक्याच्या आजूबाजूनं निघून जातो. साडेसात घातलेस तर फारच बारीक, लांबवर जीव राहत नाही त्यात. सोळाला सहा नंबर, एक औंस, आणि सावकाश जळणारी दारू. तुझा बाप एवढंच वापरायचा."

"माझा बाप हाती येईल ते वापरायचा. म्हणायचा, हिच्यात दगड घाला नाहीतर मोती, हिची नळीच सोन्याची आहे."

लिओटानं पात्याच्या धारेवर उगाच अंगठा फिरवला.

ते वाक्य तिनं केसकापणाऱ्याच्या दुकानात ऐकलं होतं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकलं होतं, स्वतःच्या स्वयंपाकघरात तर शंभरदा. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात ऑर्व्हल रोज काळानिळा खांदा घेऊन रानातून हात हलवत परत यायचा. लिओटाचा बाप घरी काडतुसं भरायचा, तिच्या हाताला ती विद्या होती. तिनं एक दिवस बंदूक उघडून काडतुसाचं घर मापलं. नळीत ज्या जागेत काडतूस बसतं, त्याला तिचा बाप घर म्हणायचा. हे घर आखूड होतं. बंदूक बनली त्या काळची काडतुसंच आखूड असत. आजचं काडतूस त्यात अलगद बसतं, बंदूक मिटतेही. पण बार उडाला की काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडतं, आणि उलगडायला पुढं जागा नसते. सगळा जोर मग कोंडतो, छर्रे चुरगळतात, खांदा फुटतो, आणि एखाद्या दिवशी नळीही फुटते.

तिनं ते ऑर्व्हलला सांगितलं. ऑर्व्हलनं कॉफीचा कप भिंतीवर फोडला. "माझ्या आज्याच्या बंदुकीत खोट काढतेस?" तीन दिवस तो बोलला नाही. चौथ्या दिवशी लिओटानं काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेतल्या, एकेकीत लाकडी दांडा घालून पात्यानं पाव पाव बोट कापून टाकली, मग भरल्या, आणि एक अक्षर न बोलता खोकं त्याच्यापुढं ठेवलं. त्या वर्षी दोन बारांत दोन नर पडले. ऑर्व्हल छाती काढून गावभर फिरला, नळीचं कौतुक सांगत. तिनं सांगू दिलं. पुंगळ्यांच्या कापलेल्या जांभळ्या कड्या ती पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि डबा फळीखाली सारून ठेवायची. नवऱ्याचा ताठा तिनं एकोणीस वर्षं असा फळीखाली सांभाळला होता.

"उडवलेली पुंगळी आहे एखादी?" तिनं विचारलं.

रॉयसनं खिशातून एक काढून फळीवर टाकली. काढताना त्याचा उजवा खांदा आखडला आणि त्यानं ओठ आवळले. पुंगळीच्या तोंडाच्या कडा कुत्र्यानं चावल्यासारख्या पिंजारल्या होत्या. लिओटानं त्यांवरून नख फिरवलं.

आता नुसतं 'मला नाही बाबा कळत' म्हणायचं. रॉयस शिव्या घालत जाईल, सोमवारी तीच भारी काडतुसं घालील. बंदूक त्यानं न विचारता नेली, तिचे भोगही त्यालाच भोगू देत. तिला राग एवढा होता की ते शब्द अगदी जिभेवर आले. तेवढ्यात तिची नजर त्याच्या डाव्या हाताकडं गेली. सॉ मिलवर काम करून नखं काळी पडलेला हात. बंदूक धरताना हा हात बरोबर काडतुसाच्या घराखाली असतो.

"ही काडतुसं पुन्हा घालू नकोस," ती म्हणाली. "हिचं घर आखूड आहे. नळी फुटेल, आणि बोटं तुझी जातील. माझी नव्हे."

"बाबांनी जन्मभर घातली."

"तुझ्या बापानं एकोणीस वर्षांत दुकानातलं एकही घातलं नाही. मी दिलेलीच घातली. त्यात मी काय केलंय ते त्याला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे बाबा थापा मारत होते?"

"नाही रे. ठाऊकच नव्हतं म्हटलं ना."

रॉयस हसला, पण ते हसणं काही गोड नव्हतं. "वा! पिढ्यान्‌पिढ्या ही बंदूक वापरणारे आम्ही सगळे ठोंबे, आणि तुम्ही एकट्या शहाण्या. माणूस मातीत जाऊन दोन महिने झाले नाहीत, तर त्याच्या नावाला काळं फासायला निघालात."

हे लिओटाला झोंबलं. तिनं वाकून डबा ओढला आणि फळीवर उपडा केला. जांभळ्या कड्या खळकन पसरल्या, काही जमिनीवर घरंगळत गेल्या. शेकडो होत्या. तिनं एक नवी पुंगळी दांड्यावर चढवली, पातं टेकवून गर्रकन फिरवली, आणि पाव बोटाची कडी रॉयसच्या बुटापाशी जाऊन पडली.

"हे फासलंय काळं. प्रत्येक काडतूस, एकोणीस वर्षं. मी आखूड कापते, आणि त्याला कधी कळू दिलं नाही."

रॉयसनं झटकन तिच्याकडं बघितलं.

"काय म्हणालात?"

"बहिरा झालास? आखूड कापते."

त्यानं वाकून कडी उचलली, अंगठ्यात घालून बघितली, काढली, पुन्हा घातली. लिओटानं फडताळातून एक भरलेलं काडतूस काढून त्याच्यापुढं धरलं.

"विश्वास नसेल तर बाहेर चल."

धान्याच्या कोठारामागं तिनं नवा कागद टाचला. रॉयस गाडीतली बंदूक आणून तीस पावलं मोजून उभा राहिला. बार काढताना त्यानं तोंड किंचित बाजूला फिरवलं, ते तिला दिसलं. आवाज झाला. खांदा जेमतेम हलला. दोघं कागदापाशी गेले. डोक्यात आणि मानेत भोकंच भोकं होती. रॉयसनं बोट ठेवून मोजायला सुरुवात केली आणि बारावर सोडून दिलं.

परत येऊन तिनं दहा काडतुसांचं खोकं त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं ते घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ, आभाराचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. तो गाडीकडं गेला, बंदूक मागं ठेवली, आत बसला. गाडी मात्र तो सुरू करीना. लिओटा दारातच उभी होती. त्यानं काच खाली केली.

"बाई, उगाच फार मिरवू नका. त्यांना ठाऊक होतं."

"काय?"

"बाबांना. इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात. मला म्हणाले, 'ती आखूड कापते. तिला वाटतं मला ठाऊक नाही. तिला सांगू नकोस.'" त्यानं स्टिअरिंगच्या चाकावर बोटं वाजवली. "मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बरळताहेत. वाटलं, विजारींबद्दल असेल."

"विजारी?"

"आजारानं आक्रसले होते ना ते. म्हटलं, तुम्ही विजारी आखूड करून देत असाल."

लिओटानं चौकट धरली. "मला साधं बटण लावता येत नाही, रॉयस. त्याच्या विजारी गावातल्या पॉलीनकडं जायच्या. हे कुत्र्यामांजरालाही ठाऊक आहे."

"मला कुठं ठाऊक?" तो म्हणाला. आवाज चढवायला गेला होता, पण चढला नाही.

मग त्यानं गाडी सुरू केली.

"पुंगळ्या परत आण," ती ओरडली. "दहाच्या दहा. सोळाच्या पुंगळ्या झाडाला लागत नाहीत."

"आणि नाही आणल्या तर?"

"तर पुढल्या वर्षी गोफण घेऊन जा."

गाडी वळणापलीकडं दिसेनाशी झाल्यावर ती आत आली. फळीवर, जमिनीवर, छर्र्यांच्या ताटातसुद्धा जांभळ्या कड्या पडल्या होत्या. तिनं गुडघे टेकून एकेक गोळा केली. त्याला बराच वेळ लागला, कारण मधूनच तिला नीट दिसेनासं व्हायचं.

"लबाड मेला," ती मोठ्यानं म्हणाली. "एकोणीस वर्षं मला चोरून कापायला लावलं."

डबा भरला. सवयीनं तिनं तो जमिनीवर ठेवला आणि फळीखाली ढकलायला पाय उचलला. मग पाय खाली घेतला, डबा उचलून खिडकीत ठेवला, आणि राहिलेल्या पुंगळ्या कापायला बसली.